उन्हाळी मैदानी संगीत महोत्सवाला कुटुंबासह जाताना : आधी वेळापत्रक, मग पिशवी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात कोल्हापुरातील एका खुल्या मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या संगीत महोत्सवाला आपण प्रथमच सगळ्या घरासह जाणार आहात. सोबत चार वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, आणि बरोबर काय काय घ्यावे याची यादी आपल्याला हवी आहे. मी गेली २२ वर्षे कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत मैदानी कार्यक्रमांच्या प्रथमोपचार कक्षात डॉक्टर म्हणून बसत आलो आहे. त्या कक्षात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या पिशव्या काठोकाठ भरलेल्या असतात, पण वेळेचे गणित चुकलेले असते. म्हणून यादीकडे वळण्यापूर्वी वेळापत्रकाविषयी लिहितो, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक तयारी तिथेच होते.

माझा आग्रहाचा सल्ला असा की, या दिवसाचे दोन भाग करावेत. सकाळच्या सत्राला सातपर्यंत पोहोचून साडेदहा-अकराला निघावे, घरी जेवून सर्वांनी दोन तास आडवे व्हावे, आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा मैदानावर जाऊन रात्री नऊ-साडेनऊला परतावे. कोल्हापूर शहरात अंतरे लहान आहेत, त्यामुळे ही सोय आपल्याला सहज उपलब्ध आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनाही मी मैदानाजवळच्या नातेवाइकांकडे किंवा एखाद्या लॉजवर दुपार काढण्यास सांगतो. यात एक तोटा आहे आणि तो मला मनापासून जाणवतो : सारंगाचे राग दुपारचे असतात आणि मोकळ्या मैदानावर भर दुपारी ऐकलेल्या वृंदावनी सारंगाची सर बंद सभागृहात येत नाही. मात्र चार वर्षांचे मूल आणि मधुमेही ज्येष्ठ सोबत असताना तो राग या वर्षी सोडावा, असेच मी म्हणेन.

या सल्ल्यामागचे कारण सूर्याच्या स्थितीत आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येथे सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. ही मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता येत नाही, सुमारे साडेबाराला येते. हवेचे तापमान तर त्यानंतरही चढत राहते आणि दुपारी तीनच्या आसपास सर्वाधिक असते. त्या वेळी तापलेली जमीन, पत्र्याचे छत आणि गर्दीमुळे अडलेला वारा यांचा ताप वेगळाच असतो, म्हणून मोबाइलवर दिसणारा अडतीस अंशांचा आकडा पाहून निश्चिंत राहता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात उष्माघाताने चौदा माणसे दगावली. तेथे लोक सकाळपासून कित्येक तास थेट उन्हात बसून होते. संगीताच्या कार्यक्रमातही हाच धोका असतो, कारण आवडीचे गाणे सुरू असताना माणसाला स्वतःच्या शरीराची तक्रार ऐकू येत नाही, आणि लहान मुलांना तर ती शब्दांत सांगताही येत नाही.

उन्हाची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आपल्या घरातील मंडळी दिवसभर पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत असतील, तर महोत्सवापूर्वी आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धा तास रंकाळ्यावर फिरून यावे. सासूबाईंना जितके जमेल तितकेच चालू द्यावे.

मैदानावर कोठे बसावे, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि त्याचे उत्तर फार उपयोगाचे आहे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला कलतो आणि सावली पूर्वेकडे पसरते, म्हणून पाचच्या सत्राला भिंत, झाड किंवा मांडव यांच्या पूर्वेची जागा धरावी. मे महिन्यात येथे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, त्यामुळे संध्याकाळच्या सत्राचे पहिले दोन तास ऊन असतेच. रंगमंचाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे आयोजकांना आधी विचारावे. रंगमंच पूर्वाभिमुख असेल तर प्रेक्षकांच्या डोळ्यांत मावळते ऊन थेट येते, आणि अशा वेळी टोपी व गॉगल यांवाचून सहा ते सात हा तास मुलांना फार त्रासाचा जातो.

आवाजाच्या दृष्टीने सर्वांत चांगली जागा म्हणजे ध्वनिव्यवस्थापक जेथे मिक्सर मांडून बसलेला असतो त्याच्या थोडे मागे, कारण तो जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज जुळवला जातो. पुढच्या रांगेत, स्पीकरच्या भिंतीसमोर, लहान मुलांना बसवू नये. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज गायकाला साथ देतो, तर मोकळ्या मैदानावर तो हवेत विरून जातो, म्हणून मैदानावरील यंत्रणा मुळातच अधिक जोरात लावावी लागते. एकाच छोट्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. आपल्याकडे ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात त्या उंच, ओळीने टांगलेल्या स्पीकरांचा आवाज त्याहून सावकाश उतरतो, त्यामुळे चार पावले मागे सरकून भागत नाही.

कानांविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण उन्हाची काळजी करणारी कुटुंबेही कान विसरतात. प्रौढ माणसासाठी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी जो मानदंड दिला त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. मैदानावर मोजण्याची सोपी रीत अशी की, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलण्यासाठी ओरडावे लागत असेल, तर ८५ ची पातळी ओलांडली गेली आहे असे समजावे. आपल्या मुलीसाठी कानांवर संपूर्ण बसणारे, मुलांच्या मापाचे इअरमफ घ्यावेत आणि ते महोत्सवाच्या दिवशी प्रथमच न घालता आठवडाभर आधी घरी खेळताखेळता घालण्याची सवय लावावी, अन्यथा ती पहिल्या पाच मिनिटांत ते काढून फेकेल. मुलाला फोमचे इअरप्लग चालतील. मात्र ते बोटांनी वळून बारीक करून, कान वर-मागे ओढून आत बसवावे लागतात. कापसाचा बोळा हा आपल्याकडचा जुना उपाय आहे, पण त्याने आवाज फारच थोडा अडतो आणि आईवडिलांना मात्र खोटा दिलासा मिळतो. सासूबाई श्रवणयंत्र वापरत असतील तर जोराच्या सत्रात त्याचा आवाज कमी करावा.

आता पाण्याकडे येतो. सावलीत शांत बसलेल्या प्रौढ माणसाने साधारण अर्ध्या तासाला एक पेला आणि मुलांनी त्याच्या निम्मे पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घ्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच पाळावी. माझ्या अनुभवात ज्येष्ठ स्त्रियांना त्रास होण्याचे सर्वांत मोठे कारण पाण्याची टंचाई हे नसते. स्वच्छतागृह लांब आहे, तेथे रांग आहे, वाटेत अंधार आहे, म्हणून त्या मुद्दाम पाणीच पीत नाहीत, आणि हे घरातल्या कोणालाही सांगत नाहीत. म्हणून मैदानात शिरताच स्वच्छतागृह प्रथम पाहून घ्यावे, त्याच्या वाटेजवळची कडेची जागा धरावी, आणि मध्यंतराच्या दहा मिनिटे आधी सुनेने स्वतःहून ‘आई, चला, आपण जाऊन येऊ’ असे म्हणावे. एवढ्या एका वाक्याने जे साधते ते पाण्याच्या चार बाटल्यांनी साधत नाही.

ओआरएसची दोन-तीन पाकिटे जवळ असावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये ओआरएस म्हणून घेऊ नयेत. त्यांत साखर कितीतरी अधिक असते, तर खऱ्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये ती साडेतेरा ग्रॅमच असते. घरचे पातळ, मीठ-जिरे घातलेले ताक सकाळच्या सत्रासाठी उत्तम, पण ते थर्मासमध्ये न्यावे. कैरीचे पन्हे मुलांना द्यावे आणि सासूबाईंसाठी गूळ न घालता वेगळे काढावे. उसाचा रस ही कोल्हापूरकरांची आवड मला पूर्ण ठाऊक आहे, तरीही मैदानाबाहेरच्या गाड्यावर बर्फ घातलेला रस मुलांना देऊ नये, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही.

खाण्याचे फार अवडंबर करू नये. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, काकडी, केळी एवढे पुरते. दही-भात, नारळाच्या दुधाची सोलकढी, ओल्या नारळाची चटणी आणि उकडलेले बटाटे मेच्या उन्हात लवकर बिघडतात, म्हणून ते टाळावेत. कोणताही शिजवलेला ओलसर पदार्थ तापलेल्या पिशवीत तासाभराहून अधिक ठेवून मुलांना देऊ नये. निघण्यापूर्वी तर्रीदार मिसळ खाऊन मग उन्हात बसणे हेही चांगले नव्हे. ती परतल्यावर खावी.

सासूबाईंच्या औषधांविषयी महोत्सवापूर्वी आठवडाभर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून काम करतात आणि उन्हात अशा रुग्णांचे पाणी लवकर कमी होते, उठून उभे राहताना चक्कर येते. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. इन्सुलिन घेत असल्यास ते ओलसर फडक्यात गुंडाळलेल्या डबीत, पिशवीच्या मध्यभागी ठेवावे. ते बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि बंद गाडीत तर मुळीच ठेवू नये. ग्लुकोमीटर सोबत असणे आवश्यक आहे. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे उन्हाच्या त्रासात दिसतात तशीच साखर उतरल्यावरही दिसतात, आणि गर्दीत नुसते पाहून दोन्हींतला फरक ओळखणे डॉक्टरलाही कठीण जाते. साखर सत्तरच्या खाली असेल आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. दुपारी घरी परतण्याचा आणखी एक लाभ येथे दिसतो : जेवण आणि औषध यांच्या वेळा रोजच्यासारख्याच राहतात.

गाडीचा उल्लेख आलाच आहे, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. झोपलेल्या मुलीला गाडीत ठेवून पाच मिनिटांत येतो, असे कधीही करू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते आणि काच दोन बोटे खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

उष्माघाताची लक्षणे घरातील सर्व मोठ्यांनी ओळखली पाहिजेत. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, भरपूर घाम ही पहिली सूचना असते. तेव्हा सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत आणि घोट घोट ओआरएस द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा झटका आला, आणि अंग भाजल्यासारखे तापले असेल, तर तो उष्माघात आहे असे समजून तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहत बसू नये. अंगावर जे मिळेल ते पाणी ओतत राहावे, वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत गार ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळीही देऊ नये, या तापावर ती काम करत नाही. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत मी अनेकदा ऐकली आहे आणि ती चुकीची आहे.

मे महिन्यात उन्हाइतकाच वळवाचा विचार करावा लागतो. दिवसभर उकाडा कोंडतो, वारा पडतो, आणि चार-पाचच्या सुमारास एकदम वावटळ उठून गारांसह पाऊस येतो, हे आपल्या भागात नेहमीचे आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी कक्षात होतो. पाऊस आल्याबरोबर लोक रंगमंचाच्या बाजूच्या लोखंडी मांडणीखाली धावले, आणि त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या जखमा विजेच्या किंवा गारांच्या नव्हत्या, धावपळीत पडल्याच्या आणि ढळलेल्या कापडी कमानीच्या होत्या. म्हणून वारा सुटताच रंगमंच, स्पीकरचे मनोरे, मोठे पडदे आणि कमानी यांपासून दूर व्हावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर हा हिशेब असतो, आणि अंतर तीस सेकंदांच्या आत आले की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. एकट्या झाडाखाली किंवा मांडवात थांबणे सुरक्षित नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. ते आदल्या दिवशीच मोबाइलमध्ये घ्यावे. याच कारणासाठी त्या दिवशी कातडी कोल्हापुरी चप्पल घरी ठेवावी, कारण भिजलेले कातडे फुगते आणि चिखलात पाय घसरतो. मागे पट्टा असलेले सँडल घालावे.

मूल हरवणे हा गर्दीतील दुसरा मोठा त्रास आहे. निघताना दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतील फोटो मोबाइलवर काढावा, म्हणजे वर्णन करताना गोंधळ होत नाही. मुलीच्या दंडाच्या आतल्या बाजूस बॉलपेनने आपला मोबाइल क्रमांक लिहावा. तिचे नाव बाहेरून दिसेल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर लहान मूल लगेच विश्वास ठेवते. गर्दीत मोबाइल अनेकदा लागत नाही, म्हणून भेटण्याची एक पक्की खूण आत शिरतानाच ठरवावी आणि मुलाला तेथपर्यंत एकदा चालवून आणावे. हरवलास तर पोलीस किंवा लहान मुले सोबत असलेल्या एखाद्या काकूंना सांग, असे त्याला शिकवावे.

बसण्यासाठी नुसती सतरंजी पुरत नाही. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम असते, म्हणून खाली चटई आणि वर सतरंजी घालावी. सासूबाईंसाठी पाठ असलेली घडीची खुर्ची न्यावी, पण ती चालते का हे आयोजकांना आधी विचारावे. सर्वांनी सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. एक पंचा भिजवून मानेवर घेण्यासाठी आणि एक पातळ शाल रात्रीच्या पश्चिमेच्या वाऱ्यासाठी असावी.

मुलांची तयारी संगीताच्या बाजूनेही करावी, हे मी डॉक्टर म्हणून नव्हे, श्रोता म्हणून सांगतो. शाहू महाराजांच्या पदरी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक गायक अल्लादिया खाँसाहेब होते, आणि त्या घराण्याची गायकी या शहरात रुजली. ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला जरूर सांगावी. आठवडाभर रोज जेवताना कार्यक्रमातील एखादा राग किंवा गाणे लावावे, म्हणजे मैदानावर ते ओळखीचे वाटते. त्याला तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजायला आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, मान डोलवायला शिकवावे. एक प्रयोगही त्याला आवडेल : रंगमंचापासून शंभर मीटरवर जाऊन, जवळ दुसरा स्पीकर नसेल तर, तबलजीचा हात पाहावा. हात आधी पडतो आणि बोल सुमारे तीन दशांश सेकंदांनी पोहोचतो. चार वर्षांच्या मुलीकडून मात्र सलग पाऊण तासापेक्षा अधिक अपेक्षा करू नये. ती कंटाळली की आपल्यापैकी एकाने तिला घेऊन मागच्या बाजूस फिरावे, आणि ही पाळी कोणाची हे घरूनच ठरवून निघावे, म्हणजे ऐन रंगलेल्या बंदिशीत कुजबुज होत नाही.

ध्वनिवर्धकांना रात्री दहानंतर सामान्यतः बंदी असते. काही ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. दोन्ही वेळा शेवटच्या अर्ध्या तासात बाहेर पडण्याची गर्दी एकाच दाराशी होते, म्हणून मी साडेनऊची वेळ सुचवली आहे. घरी आल्यावर सर्वांनी गार पाण्याने अंघोळ करावी, सासूबाईंची साखर एकदा पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीचा रंग गडद असेल तर दिवसभर पाणी वाढवावे. मुलांना शांत खोलीत बसवून कानांत गुणगुण ऐकू येते का, हे विचारावे. ती चोवीस तासांनंतरही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.